जेसीबी-पोकलेनचे फिल्टर : निवडताना आणि सांभाळताना

जालना, प्रतिनिधी

नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा सुमारे ४२ किलोमीटरचा भाग जालना जिल्ह्यात येतो. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जाणारा हा भाग नागपूर-शिर्डी या पहिल्या टप्प्यासोबत ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याआधीची काही वर्षे जिल्ह्याने मुरूम, खडी आणि मातीच्या भरावाचे काम अहोरात्र पाहिले. २०१७ मध्ये राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केल्यावर उन्हाळ्यात पाझर तलावांच्या पोटातही यंत्रे उतरू लागली. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयाचा गाळ तर लोकवर्गणीतून काढण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. मातीकामाची यंत्रे जिल्ह्यात पुढेही घरघरत राहतील, असा याचा अर्थ.

या यंत्रांचे सगळेच मालक मोठे कंत्राटदार नसतात. शेतीला जोडधंदा म्हणून कर्ज काढून एक जेसीबी घ्यायचा, घरातील एखादा मुलगा किंवा ओळखीचा ऑपरेटर त्यावर बसवायचा आणि तासाच्या भाड्याने शेततळी, बांधबंदिस्ती, पायाखोदाईची कामे करायची, असा व्यवसाय तालुक्या-तालुक्यांत दिसतो. दिवाळी ते मृग हा त्यांचा हंगाम. या दिवसांत यंत्र आठवडाभर बंद पडले, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. यंत्र बंद पडण्याच्या कारणांच्या मुळाशी गेले, तर अनेकदा काही शे किंवा काही हजार रुपयांच्या एका वस्तूपाशी येऊन थांबावे लागते. ती वस्तू म्हणजे फिल्टर.

(येथे नावांचा थोडा खुलासा आवश्यक आहे. 'जेसीबी' हे एका ब्रिटिश कंपनीचे नाव. मराठीत मात्र पुढे बादली व मागे खोदणारा हात असलेल्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला ते चिकटले. 'पोकलेन' हेही तसेच. १९२७ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या पोक्लें या कंपनीच्या उत्खनन यंत्रांचे उत्पादन भारतात लार्सन अँड टुब्रोने केले आणि पुढे साखळीवर चालणारे कोणत्याही कंपनीचे उत्खनन यंत्र 'पोकलेन' झाले. दुकानात फिल्टर मागताना हीच सवय अडचणीची ठरते. 'पोकलेनचा ऑइल फिल्टर द्या' या वाक्यातून दुकानदाराला काहीही कळत नाही.)

इंजिनाचा श्वास

चार लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालत असेल, तर टर्बोने कोंबलेली जादा हवा हिशेबात न धरताही ते मिनिटाला साडेतीन ते चार हजार लिटर हवा ओढते. आठ तासांच्या पाळीत हा आकडा पंधरा लाख लिटरच्या पुढे जातो. ही हवा कोठली? क्रशरच्या शेजारची, मुरमाच्या खाणीतील, वैशाखात कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळातील. मराठवाड्याचा खडक म्हणजे बेसॉल्ट, म्हणजेच काळा पाषाण. त्याच्या धुळीतील खनिजे लोखंडाच्या पृष्ठभागाला घासण्याइतकी कठीण असतात. काळ्या मातीचा चिकणकण याच्या उलट स्वभावाचा. तो दोन मायक्रॉनहून बारीक असल्याने फिल्टरच्या कागदाची छिद्रे लवकर बुजवितो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा कण चाळीसच्या आसपास. इंजिनाची झीज करणारे कण याहून लहान असतात. 'डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणजे फिल्टर चांगला आहे' हा निष्कर्ष म्हणूनच निरुपयोगी आहे.

एअर फिल्टर सहसा जोडीने येतो. बाहेरचा मोठा, आतला लहान. आतला फिल्टर हा राखणदार आहे; बाहेरचा फाटला किंवा बदलताना उघडा राहिला, तर इंजिन वाचविण्यासाठी तो असतो. तो झटकायचा नाही, धुवायचा नाही, त्यावर हवा मारायची नाही. ठरलेल्या वेळी तो फक्त बदलायचा. पैसे वाचविण्यासाठी तो काढून ठेवणारे महाभागही आढळतात. त्यांनी जे वाचविले, ते पुढे रिंग, पिस्टन आणि लायनरच्या बिलात जाते.

बाहेरच्या फिल्टरबाबत चूक होते ती नेमकी उलट बाजूने. येथे हयगयीपेक्षा अतिउत्साह घातक ठरतो. रोज संध्याकाळी फिल्टर काढून कंप्रेसरने हवा मारणे ही चांगल्या ऑपरेटरची खूण मानली जाते. प्रत्यक्षात कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसल्यानंतर त्याची गाळण्याची क्षमता वाढते. नवा कोरा फिल्टर त्या मानाने कमी गाळतो. रोज उघडल्याने हा थर जातो, कागदाच्या घड्या सैल होतात, रबरी कडा झिजते आणि प्रत्येक उघडझापीत चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूला पडते. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसरचा दाब शंभर पीएसआयच्या घरात असतो. पुस्तिका सांगतात तीसच्या आत, तोही आतून बाहेर, नळी कागदापासून दूर धरून. शंभराच्या दाबाने कागदाला पडलेली सुईएवढी छिद्रे दिसत नाहीत. ती पाहायची असतील तर फिल्टरच्या आत दिवा धरून अंधाऱ्या जागी बाहेरून पाहावे. उजेडाचा ठिपका दिसला, तर तो फिल्टर भंगारात.

फिल्टर कधी उघडायचा, हे यंत्र स्वतः सांगते. हवेच्या नळीवर अडथळा दाखविणारा निर्देशक असतो. जुन्या यंत्रांत त्याची लाल पट्टी वर येते, नव्या यंत्रांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. तोवर फिल्टरला हात लावू नये. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत बाहेरचा फिल्टर जास्तीत जास्त सहा वेळा स्वच्छ करावा किंवा वर्षभराने बदलावा, अशी मर्यादा आहे. किती वेळा स्वच्छ केला, हे फिल्टरच्या झाकणावर खडूने किंवा मार्करने लिहून ठेवण्याची साधी पद्धत उपयुक्त आहे. निर्देशक बिघडला आहे म्हणून काढून टाकलेला असेल, तर मात्र हे सारे गणित कोलमडते. निर्देशकाची किंमत फिल्टरहून बहुधा कमीच असते.

ऑइल फिल्टर : आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नाही

इंजिन ऑइलच्या डब्यासारख्या फिल्टरची बाहेरून पारख करणे जवळपास अशक्य. रंग, छपाई, होलोग्राम यांची नक्कल सहज होते. आत मात्र बरेच काही असते : घड्या घातलेला कागद, मध्ये भोकांची लोखंडी नळी, इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरू न देणारी रबरी झडप आणि बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा हिवाळ्याच्या पहाटे तेल घट्ट असले, तर बायपास उघडतो आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते. इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल बरे, असा त्यामागचा विचार. परंतु तुंबलेला फिल्टर महिनोन्महिने तसाच ठेवला, तर हा बायपास कायमचा उघडा राहतो आणि ऑपरेटरला त्याचा पत्ता लागत नाही. तेलाच्या दाबाचा दिवाही विझलेलाच राहतो.

दोन फिल्टरचे आटे आणि व्यास सारखे असले, तरी बायपास किती दाबाला उघडेल हे वेगळे असू शकते. 'बसला की झाले' ही गॅरेजमधील कसोटी येथे फसवी ठरते. योग्य मार्ग एकच. इंजिनाच्या पट्टीवरील मॉडेल व क्रमांक टिपून घ्यावा आणि त्यावरून पार्ट नंबर काढावा. एकाच नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने बसविलेली असतात, त्यामुळे नुसते यंत्राचे नाव पुरेसे नाही. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज चार आणि १ जानेवारी २०२५ पासून भारत स्टेज पाच ही प्रदूषण मानके लागू झाली. या बदलांनी इंजिने बदलली, तसे फिल्टरही बदलले. भावाच्या २०१८ च्या जेसीबीला चालणारा फिल्टर आपल्या नव्या जेसीबीला चालेलच, असे समजू नये.

यंत्रकंपनीच्या डब्यातलाच फिल्टर घ्यावा का, हा नेहमीचा प्रश्न. यंत्र बनविणाऱ्या कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवीत नाहीत. फिल्टर बनविणाऱ्या कंपन्यांकडून घेतात. पुण्यातील फ्लीटगार्ड, फरिदाबादची इलोफिक, तसेच डोनाल्डसन, मान यांसारखी नावे या धंद्यात जुनी आहेत. त्यांचे फिल्टर त्यांच्या स्वतःच्या नावानेही बाजारात मिळतात आणि यंत्रकंपनीच्या डब्याहून स्वस्त पडू शकतात. त्यांच्या तुलनापत्रकात आपला पार्ट नंबर सापडत असेल, तर असा फिल्टर वापरण्यास तांत्रिक हरकत नाही. मात्र यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर हमीपत्रातील अट आधी वाचावी. वाद झाल्यास हाती पक्के बिल आणि पार्ट नंबर हवा. तिसरा प्रकार म्हणजे नामांकित नावाची नक्कल. तो सर्वांत स्वस्त असतो आणि त्याच्याबद्दल कोणीही उत्तरदायी नसते.

बदलण्याच्या रीतीतही दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. जुन्या फिल्टरचे रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. एकावर एक दोन वायसर बसले, तर तेल गळून इंजिन कोरडे पडू शकते. नव्या वायसरला तेलाचे बोट लावावे. वायसर टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावे. पान्याचा जोर लावू नये. काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून उघडावा, हा सल्ला मात्र फारच थोडे पाळतात. कागदाच्या घड्यांत पितळी चकाकी दिसली तर बेअरिंगचे दुखणे, पांढरी चकाकी असेल तर पिस्टनची झीज, चुंबकाला चिकटणारा चुरा असेल तर लोखंडी भाग खाल्ला जात आहे. डॉक्टरकडे रक्त तपासावे, तशी ही फुकटची तपासणी. ज्यांच्याकडे चार-पाच यंत्रे आहेत, त्यांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविणे परवडते. अहवालात सिलिकॉन वाढलेले आढळले, तर शोध ऑइल फिल्टरपाशी नव्हे, हवेच्या नळीपाशी घ्यावा, कारण धूळ तेथून येते.

डिझेल आणि पाणी

साइटवर डिझेल ड्रममधून येते. ड्रम अर्धा रिकामा असतो, दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि आतील हवेतील ओल पाणी होऊन तळाशी बसते. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल सोळाशे-दोन हजार बारच्या दाबाने इंजेक्टरमधून जाते आणि तेथील फटी दोन ते पाच मायक्रॉनच्या असतात. जुन्या इंजिनाने पचविलेले डिझेल येथे इंजेक्टर निकामी करते. एकेका इंजेक्टरची किंमत वर्षभराच्या सर्व डिझेल फिल्टरहून अधिक भरते.

म्हणून डिझेलला दोन फिल्टर असतात. पहिला पाणी वेगळे करणारा. त्याच्या खालची चकती रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, सैल करून पाणी सोडून द्यावे. दुसरा बारीक. हा दुसरा फिल्टर बसविण्याआधी त्यात डिझेल भरण्याची गॅरेजमधील जुनी सवय सोडून द्यायला हवी. वरून ओतलेले डिझेल गाळलेले नसते आणि ते फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडले, तर थेट इंजेक्टरकडे जाते. फिल्टर रिकामा बसवून हातपंपाने हवा काढावी. थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच. ड्रमला झडप-फिल्टर लावणे, ड्रम तिरका ठेवून तळाचे पाणी एका बाजूला साचविणे, संध्याकाळी टाकी भरून ठेवणे या गोष्टींना खर्च जवळपास नाही. बायोडिझेलच्या नावाने मिळणारे बेनामी स्वस्त इंधन वापरणाऱ्यांना मात्र कोणताही फिल्टर वाचवू शकत नाही.

हायड्रॉलिकचा फिल्टर आणि 'बीटा'चा हिशेब

पोकलेनचे सारे बळ हायड्रॉलिक तेलात असते आणि सर्वांत महाग भाग म्हणजे त्याचा मुख्य पंप. दुरुस्तीला लाखांत खर्च येतो आणि सुटे भाग मिळेपर्यंत यंत्र उभे राहते. येथे फिल्टर घेताना 'दहा मायक्रॉनचा' एवढे वाक्य पुरेसे नाही. दहा मायक्रॉनचे निम्मे कण अडविणाराही स्वतःला दहा मायक्रॉनचा म्हणवितो. खरे माप 'बीटा गुणोत्तर' या आकड्यात असते. आयएसओ १६८८९ या चाचणीत फिल्टरच्या आधी किती कण होते आणि नंतर किती राहिले, याचा भागाकार म्हणजे बीटा. दहा मायक्रॉन व त्याहून मोठे दहा हजार कण आले, तर बीटा दोन असलेल्या फिल्टरमधून पाच हजार पार जातात. पंचाहत्तर असलेल्यातून सुमारे एकशे तेहतीस. हजार असलेल्यातून केवळ दहा. तिन्ही फिल्टरवर 'दहा मायक्रॉन' हेच छापलेले असू शकते. नामांकित उत्पादक हा आकडा पत्रकात देतात. विचारूनही जो विक्रेता तो देऊ शकत नाही, त्याच्याकडून हायड्रॉलिकचा फिल्टर घेऊ नये.

जालन्याच्या कामांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते, ती ब्रेकरची. काळा पाषाण फोडण्यासाठी पोकलेनला ब्रेकर लावला की हायड्रॉलिक तेल अधिक तापते, हादऱ्यांनी सील झिजतात आणि दगडाची भुकटी ब्रेकरच्या दांड्याजवळून तेलात शिरते. विहीर-खोदाईत यंत्र दिवसभर ब्रेकरवर चालते. सामान्य खोदकामासाठी हायड्रॉलिकच्या रिटर्न फिल्टरची मुदत हजार तासांच्या आसपास सांगितलेली असते. ब्रेकरच्या कामाला पुस्तिका ती पुष्कळ खाली आणतात. पुस्तिकेत 'ब्रेकर' या शब्दाखाली वेगळा तक्ता असतो, तोच पाहावा. ब्रेकर भाड्याने फिरवणाऱ्यांनी तर होजची तोंडे उघडी ठेवून मातीत टाकण्याची सवय सर्वप्रथम मोडावी. त्या तोंडातून एका वेळी जाणारी माती फिल्टरला महिनाभर पुरते. हायड्रॉलिक टाकीच्या वरचा श्वसन फिल्टर सर्वांत दुर्लक्षित; हात खाली-वर होतो तसा टाकीतील तेलाचा स्तर खाली-वर होतो आणि टाकी त्यातूनच हवा आत घेते. तो फुटला किंवा हरवला, की अनेक जण फडके कोंबून वेळ मारून नेतात.

तासांची नोंद

या सर्व मुदती महिन्यांवर नव्हे, अवर मीटरच्या तासांवर चालतात. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर यंत्रागणिक अडीचशे ते पाचशे तासांना. धुळीच्या कामात त्याच्या खालच्या बाजूला राहावे. ऑपरेटर बदलतात, मेकॅनिक बदलतात, म्हणून एक वही यंत्रासोबत नव्हे, मालकाच्या घरी असावी : तारीख, मीटरचे तास, कोणता फिल्टर, पार्ट नंबर, बिल. यंत्र विकताना हीच वही भाव वाढविते. हंगामाच्या ऐन भरात फिल्टर शोधत फिरण्याऐवजी दिवाळीपूर्वीच दोन-तीन संच घेऊन ठेवणारे शहाणे. मात्र ते घरात, कोरड्या जागी, वेष्टनासह ठेवावेत. केबिनमध्ये सीटखाली उघडा पडलेला 'नवा' फिल्टर आधीच धुळीने भरलेला असतो.

बनावट माल निघाल्यास काय

बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ नुसार गुन्हा आहे. दोष सिद्ध झाल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा या अपवादातून वगळला आहे. स्वतः यंत्र चालविणाऱ्या एका यंत्राच्या मालकाला त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा मार्ग मोकळा राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तेथे जाण्यासाठी पक्के बिल आणि काढलेला फिल्टर, ही दोन्ही जपून ठेवलेली हवीत. रोखीने, बिलाविना घेतलेल्या फिल्टरबाबत तक्रारीला आधार उरत नाही. बिलावरचा कर वाचला, एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे दात कोरून पोट भरणे होय.

वापरलेला फिल्टर

तेल लागलेले फिल्टर २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत मोडतात. वापरलेल्या तेलासाठी उत्पादकांवर संकलनाची विस्तारित जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. व्यवहारात मात्र काढलेले तेल बांधाच्या कडेला ओतले जाते आणि फिल्टर झुडपात भिरकावला जातो. गाळ काढण्यासाठी तलावात उतरलेल्या यंत्राचे तेल तलावाच्या पोटातच बदलणे, हा तर त्या कामाचा उपहास. पाणी साठविण्यासाठी खणलेल्या जागीच ते तेल पहिल्या पावसात तरंगते. इंजिन गरम असताना फिल्टर काढावा, तोंड खाली करून रात्रभर डब्यावर निथळत ठेवावा, तेल बंद कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. निथळलेल्या फिल्टरची टोपी लोखंडाची असते. स्टीलच्या भट्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. पण तेलाने भिजलेला, न निथळलेला फिल्टर भंगारवाल्याच्या गोणीत टाकला, तर तेच तेल त्याच्या अंगणातील मातीत उतरते.